गडाच्या पोटातली घाण

प्राजक्ता आणि योगिनी राहायच्या एकाच खोलीत, पण त्यांना एकमेकींशी धड बोलायला मिळायचं ते कंपनीत, शिफ्ट बदलताना, जेमतेम दहा मिनिटं. आणि ती दहा मिनिटं त्या दोघी कचऱ्यावर बोलण्यात घालवायच्या.

खोली पिंपळे गुरवला, गोजाबाईंच्या चाळीत. कंपनी चाकणला. गाड्यांच्या आत वायरींचे जाडजूड जुडगे असतात, ते तिथे तयार व्हायचे आणि त्या लाइनवर सगळ्या मुलीच. एका मशीनवर दोघी, एक पहिल्या शिफ्टला, एक दुसऱ्या. आठवडा संपला की अदलाबदल. एक घरी यायला निघाली की दुसरी मशीनवर बसलेली. रविवार तेवढा दोघींचा, तो कपडे धुण्यात आणि झोपण्यात जायचा. प्राजक्ता परभणी जिल्ह्यातली, गंगाखेडकडची. योगिनी कोकणातली, लांज्याजवळची. एकीला भाकरी लागायची, दुसरीला भात, आणि दोघींना एकमेकींची भाषा ऐकून हसू यायचं. दोन वर्षं अशी गेली, भांडण म्हणावं असं एकदाही झालं नाही. भांडायला वेळ कुणाला होता?

तर कचरा. तो खरा नव्हता, लॅपटॉपमधला होता. प्राजक्ताच्या भावाने, सुजितने, नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बहिणीला देऊन टाकला. त्यात त्याचा एक गेम तसाच राहिला होता. डोंगराच्या पोटात गड खोदायचा गेम. मूठभर बुटकी माणसं घेऊन सुरुवात करायची, त्यांच्याकडून डोंगर पोखरून घ्यायचा आणि जमिनीखाली कोठारं, मुदपाकखाना, झोपायच्या खोल्या, सगळं उभं करायचं. गंमत अशी की बुटक्यांना आपण हाताला धरून चालवू शकत नाही. नुसती कामं लावून द्यायची. हा खोदेल, ती स्वयंपाक करेल. मग ते आपल्या मर्जीने, रमतगमत करतात.

"म्हणजे आपण सुपरवायझर की गं," प्राजक्ता पहिल्याच दिवशी म्हणाली होती. गेम तिला आवडला तो तिथेच.

दोघींत मिळून एक गड. सकाळी जी घरी असेल तिने सकाळी खेळायचा, दुपारी जी सुटून येईल तिने तिथून पुढे चालवायचा. मशीनसारखंच. बुटक्यांना त्यांनी लाइनवरच्या लोकांची नावं देऊन टाकली होती. एक बुटका काही न करता सगळ्यांवर ओरडत फिरायचा आणि मधूनच आपल्या खोलीत चांदीची खुर्ची पाहिजे म्हणून अडून बसायचा. त्याचं नाव शेखर सर, कारण लाइनचे सुपरवायझर शेखर सर डिट्टो तसे. क्वालिटीच्या तनुजा मॅडमना दोघींनी खाटकाच्या कामावर लावलं होतं. एक प्राजक्ता आणि एक योगिनीही होतीच.

पण गड म्हटला की खाणं आलं, खाणं आलं की उष्टं-खरकटं आलं. माशांची डोकी, कातडी, आतडी, मेलेले उंदीर. उघड्यावर पडलं तर ते कुजतं आणि वाऱ्यावर संपून जातं. जमिनीखाली कुजलं की त्यातून जांभळा धूर निघतो आणि बोळाबोळांतून पसरतो. बुटक्यांना तो वास लागला की ते नाराज होतात. एका दिवसाच्या वासाने कुणी मरत नाही. पण नाराजी पोटात साठत जाते, आणि मग कधीतरी एकजण उगाच टेबल फोडतो, शेजाऱ्याच्या कानाखाली काढतो, तो तिसऱ्याच्या अंगावर जातो, आणि बघता बघता अख्खा गड एकमेकांच्या उरावर बसतो. या दोघींचे पहिले दोन गड असेच बुडाले. पहिला माशांच्या डोक्यांनी बुडवला. दुसरा एका मेलेल्या खेचराने. ते जिन्यात पडलं होतं आणि प्रत्येक बुटका त्याला ओलांडून कामाला जात होता, पण उचलत कुणीच नव्हता. ते पाहून दोघी पोट धरून हसल्या होत्या, कारण कंपनीत काही वेगळं नव्हतं.

तिसऱ्या गडावर मात्र वाद झाला. मशीनपाशीच, एकीने टोपी काढताना आणि दुसरीने घालताना.

"बाहेर न्यायचं गो सगळं," योगिनी म्हणाली. "रोजच्या रोज. वाऱ्यावर टाकलं की झालं."

"अन् बाहेर लांडगे हाईत त्याचं काय? टोपलं टाकायला गेलेलं माणूस वापस येत नाही माय. मी सगळ्यात खाली एक खोली खोदते. जाडजूड दार बसवते. आत टाकायचं अन् दार लावून घ्यायचं. आतल्या आत सडून सडून संपतंय बघ."

"संपतं?"

"न संपून जातंय कुठं?"

दार बंद असलं की जांभळा धूर बाहेर येत नाही, हा त्या गेमचा नियमच होता. प्राजक्ताने खोली खोदली, दार बसवलं. आणि खरोखर, तिसरा गड टिकला. वाढला. नवे बुटके राहायला आले, सोन्याची खाण लागली, शेखर सरांना चांदीची खुर्ची मिळाली. वास म्हणून कुठे नाही. दार लावल्यावर प्राजक्ताने त्या मजल्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. वास येत नाही म्हणजे कशाला बघायचं? कंपनीच्या बसमध्ये ती शेजारच्या मुलींना कौतुकाने सांगायची, "डोकं लागतंय त्याला. नुसतं वाहून नेणं हमालालाबी येतंय."

आता मशीनची गोष्ट. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल बसवून पायाने पेडल दाबायचं, की मशीन ते चिमटून घट्ट करतं. याला क्रिम्पिंग म्हणतात. चिमटा नीट बसला नाही, एखादी तार बाहेर राहिली, तर तो पीस रिजेक्ट. रिजेक्ट पीस लाल डब्यात टाकायचा. शिफ्ट सुटताना तनुजा मॅडमचा माणूस लाल डबा मोजतो आणि आकडा बोर्डावर चढतो, शिफ्टवार, नावासकट. त्यामुळे लाइनवरच्या मुलींनी एक रीत पाडून घेतली होती. एखाद्या दिवशी जास्त पीस खराब झाले तर सगळे लाल डब्यात टाकायचे नाहीत. बाजूला ठेवायचे आणि पुढचे आठ-दहा दिवस मूठ मूठ करून डब्यात सोडायचे. याला त्या 'हप्त्याने टाकणं' म्हणायच्या. सगळ्याच करायच्या. शेखर सरांना ते ठाऊक नव्हतं असं समजण्याइतकं कुणी भोळं नव्हतं, पण आकडा चांगला दिसत असेल तर सुपरवायझर कशाला वाकून बघेल?

दोघी ट्रेनी होत्या. ट्रेनीची मुदत संपली की घरी, नाहीतर पर्मनंट. आणि त्या वर्षी शेखर सरांनी सांगून टाकलं, त्या मशीनवरच्या दोघींतून एकच पर्मनंट होणार. ते ऐकल्यापासून प्राजक्ताची झोप उडाली. परत गंगाखेडला जायचं म्हणजे काय हे तिला पक्कं माहीत होतं. वडिलांनी गावभर आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी चाकणला पर्मनंट आहे. तशी झाली नाही तर आधी त्यांचं नाक कापलं जाणार, आणि मग त्या कापल्या नाकाची भरपाई म्हणून जे पहिलं स्थळ येईल तिथे हिला उजवून टाकणार. योगिनीलाही जायचं नव्हतं. तिकडे आई काकाच्या घरात आश्रितासारखी राहत होती, ही गेली की दोघी आश्रित.

"तुला झालं तर तू पार्टी दे, मला झालं तर मी देते," योगिनी म्हणाली होती. "रुसायचं नाय." प्राजक्ता हो म्हणाली. मनापासून म्हणाली. तेव्हा दोघींचे आकडे सारखेच होते.

मग तो सोमवार आला. प्राजक्ता पहिल्या शिफ्टला होती. मशीनचा चिमटा झिजलेला होता, पेडल दाबताना तिच्या पायाला ते जाणवतही होतं. मशीन थांबवून मेंटेनन्सला बोलवायचं, हा नियम. पण मशीन थांबलं की आकडा पडतो. ती दाबत राहिली, होईल नीट, होईल नीट करत. जेवणाच्या सुट्टीआधी तिने टोकं निरखून पाहिली. सकाळपासूनचे निम्मे पीस वाया गेले होते. तिने इकडे तिकडे बघितलं, त्यांचे जुडगे बांधून टर्मिनलच्या रिकाम्या खोक्यात भरले आणि खोका पायाने मशीनखाली, पेडलच्या मागे, अंधारात ढकलला. मग तिने मेंटेनन्सवाल्याला बोलावलं, तो चिमटा बदलून गेला. उद्यापासून हप्त्याने टाकू, तिने ठरवलं.

एकच अडचण होती. मशीन ताब्यात घेताना येणारीने खाली वाकून मशीनखाली बघायचं, लाल डबा बघायचा आणि लाइन लीडरला मोठ्याने 'ओके' सांगायचं, हा रिवाज होता. एकदा ओके म्हटलं की मशीनखाली जे काही असेल ते तिचं.

योगिनी आली. टोपीत केस कोंबत म्हणाली, "काय गो, काल गडावर शेखर सर कशानं चिडलेत? खुर्ची फेकून दिली."

आणि प्राजक्ता बोलायला लागली. खुर्ची का फेकली, त्याला आता सिंहासन कसं पाहिजे, तनुजा मॅडमने गाभण शेळी कशी कापून टाकली, खाणीत पाणी कसं शिरलं. एरवी ती दोन गोष्टी सांगायची आणि पाकीट उचलून पळायची. त्या दिवशी ती थांबेचना. योगिनी हसत होती. भोंगा झाला. लाइन लीडरने लांबून हात केला, आणि योगिनीने हसता हसता, न वाकता, हात वर करून "ओके" म्हटलं.

प्राजक्ताने हे मुद्दाम केलं का? तिने स्वतःला कधी विचारलं नाही, म्हणून आपल्यालाही सांगता यायचं नाही. ती बसमध्ये बसली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता, एवढं खरं.

संध्याकाळी लाइनच्या मुलींच्या ग्रुपवर मेसेज आला. मोठ्या गाडी कंपनीचे साहेब अचानक पाहणीला आले होते. त्यातल्या एकाने बॅटरी मारून मशीनखाली बघितलं. खोका बाहेर काढला. सगळ्यांसमोर टेबलावर ओतला. मेसेजच्या खाली मुलींनी रडके चेहरे टाकले होते. प्राजक्तानेही एक टाकला. मग ती जेवली, भांडी घासली आणि योगिनी यायच्या आत भिंतीकडे तोंड करून झोपली. योगिनीने आल्यावर दिवासुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना शेखर सर खोका घेऊन मशीनपाशी उभे होते. दोघी समोरासमोर. मागे लाइनवरच्या मुली कान टवकारून काम केल्यासारखं करत होत्या.

"प्राजक्ता, हे पहिल्या शिफ्टचं आहे का?"

प्राजक्ताने योगिनीकडे पाहिलं. योगिनी तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही. बस येते का ते बघावं तसं, वाट बघत.

"मला माहीत नाही सर," प्राजक्ता म्हणाली. "मी मशीन क्लीन देऊन गेले होते."

"योगिनी, घेताना खाली बघितलं होतंस?"

"नाय सर."

"आणि ओके म्हणालीस?"

"होय."

"मग कुणाचं धरायचं हे?"

योगिनी अजूनही प्राजक्ताकडेच बघत होती. प्राजक्ता पाकिटाची चेन लावत होती. ती लागतच नव्हती. शेवटी योगिनी म्हणाली, "ओके मी म्हटलंय सर. माझंच धरा."

शेखर सरांनाही तेच सोयीचं होतं. गाडी कंपनीला एक नाव कळवायचं होतं, ते मिळालं. योगिनीचं ओळखपत्र त्याच दिवशी जमा झालं.

रविवारी प्राजक्ता तिला वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला गेली. एक बॅग तिने उचलली, एक योगिनीने. वाटेत प्राजक्ता कंपनीला शिव्या घालत होती, शेखर सरांच्या सात पिढ्या काढत होती, आणि आपल्याच शिव्या ऐकून तिला वाटत होतं की आपण मैत्रिणीच्या बाजूने आहोत. गाडी लागली. योगिनी खिडकीतून म्हणाली, "गडावर खाली लक्ष ठेव गो." प्राजक्ता म्हणाली, ठेवते.

पुढच्या महिन्यात प्राजक्ता पर्मनंट झाली. गंगाखेडला पेढे वाटले गेले. वडिलांनी फोनवर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं अभिनंदन केलं. तिने एकटीने खोलीचं भाडं द्यायचं ठरवलं, नवी जोडीदारीण घेतली नाही. सकाळी सुट्टी असली की ती लॅपटॉप उघडून बसायची.

गोजाबाई एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. नाकाला पदर लावलेला. "आगं ए पोरी, तुज्या खोलीत काय मेलंबिलं हाय का? घंटागाडी रोज येती, तुजी बादली काय खाली येत न्हाई."

प्राजक्ता चपापली. सिंकखालची बादली बघायची तिला कधी वेळच आली नव्हती. "मावशी, ती आपोआप..." एवढं बोलून ती थांबली.

"आपोआप? ती कोकनातली पोरगी न्यायची. राती ड्युटी करून यायची आन् सकाळच्याला घंटागाडीच्या मागं पळायची. आमी बगायचो की." गोजाबाई बादलीकडे बोट दाखवून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात गडावर जांभळा धूर दिसला. आधी खालच्या जिन्यात थोडा. मग कोठारात. मग मुदपाकखान्यात. प्राजक्ताला कळेना. तिने दार बदललं, दुहेरी केलं. धूर थांबेना. शेवटी ती, दार बसवल्यापासून पहिल्यांदाच, त्या तळाच्या मजल्यावर गेली. खोली छतापर्यंत भरली होती. आत जागा नव्हती म्हणून बुटके सगळं दाराबाहेर टाकून जात होते, आणि आता दार लागतच नव्हतं. आत काहीही संपलेलं नव्हतं.

खोलीच्या मागच्या भिंतीत एक भोक होतं. हे तिने खोदलेलं नव्हतं. त्यातून एक अरुंद बोळ निघाला होता, वळत वळत वर, डोंगराच्या मागच्या अंगाला, नदीकाठी. तिने बोळाच्या शेवटापर्यंत जाऊन पाहिलं. बाहेर उन्हात ढीग पडला होता. नुसती हाडं, गडाच्या दोन वर्षांची, बाकी सगळं वाऱ्यावर संपलं होतं. आणि ढिगापाशी एक बुटकी रिकामं टोपलं घेऊन उभी होती. नाव योगिनी. डावा कान नाही, लांडग्याने तोडलेला. पायावर जुन्या चाव्यांच्या खुणा. नावाखाली लिहून आलं होतं, काम नाही. काय न्यायचं ते रोज एकेका वस्तूवर खूण करून सांगावं लागतं, आणि सांगणारी लांज्याला गेली होती. बाकीच्या बुटक्यांना बाहेर जायची तिने बंदीच करून ठेवली होती. एकटीलाच पाठवायची, स्वतःच्या नावाचीला.

प्राजक्ताने घाईघाईने खुणा करायला घेतल्या. पण एका टोपल्याने आता काय होणार होतं? शेखर सरांनी सिंहासन फोडलं, तनुजा मॅडम सुरी घेऊन धावल्या, आणि तासाभरात तिसरा गडही गेला. तिने लॅपटॉप मिटला आणि ती रडली. गडासाठी नाही. आपण किती दिवस दुसऱ्याच्या पाठीवर बसून हुशारी मिरवत होतो हे तिला कळलं आणि ते सहन होईना. तिने फोन लावला.

"तो खालचा बोळ तू खोदलास?" हॅलो न म्हणताच तिने विचारलं.

"दिसला काय शेवटी?" योगिनी हसली. "बाहेर नेल्याशिवाय जात नाय गो काय."

"मला सांगितलं का नाहीस मग?"

"तू एवढी खूश होतीस त्या दारावर."

"योगिनी, तो खोका माझा होता."

"ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"टेबलावर ओतला तेव्हाच. जुडग्यांना केसांचे रबर लावले होतेस. लाइनवर दुसरी कोण लावते?"

"मग बोलली का नाहीस तू?"

"तू बोलशील म्हणून थांबले," योगिनी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. प्राजक्ताला वाटलं, हिने शिव्या तरी घालाव्यात.

"माफ कर मला. मी रोज..."

"शेखर सरांना सांगितलंस?"

"नाही. आता सांगून काय उपयोग हाय? तुला तर ते वापस घेत नाहीत."

"मला नकोच तिथं. पण माझ्या नावावर खोका हाय ना तिकडं. इथं एका कंपनीत घेत होते मला. त्यांनी चाकणला फोन करून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणाले. दोन ठिकाणी असं झालं. तू सांगितलंस तर ते पुसून जाईल."

"सांगते," प्राजक्ता लगेच म्हणाली. "उद्याच सांगते. आईची शपथ."

"बघ," योगिनी म्हणाली. "मला सांगून तुझं पोट हलकं झालं असेल. माझ्याकडे ते ओझं आधीच होतं." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता शिफ्टच्या आधी शेखर सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बसमध्ये तिने वाक्य पाठ केलं होतं. सर, तो खोका माझा होता. एवढंच. यापेक्षा एक शब्द जास्त लागत नव्हता. अंगावर पर्मनंटवाल्यांचा नवा निळा शर्ट होता, इस्त्रीचा.

"बोल प्राजक्ता," शेखर सर खुशीत होते. "काय म्हणतेस?"

"सर, तो मशीनखालचा खोका..."

"त्याचं काय?" सरांची मान वर आली. खुशी गेली, नजर बारीक झाली. त्या नजरेत सगळं होतं, गाडी कंपनीचे साहेब, पुन्हा चौकशी, निळा शर्ट, गंगाखेडचे पेढे.

"मशीनखाली अंधार असतो सर," ती म्हणाली. "येणारीला काही दिसतच नाही. तिथं एक लाइट लावला तर?"

शेखर सरांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात विचार! अगं, हे कायझेनमध्ये, सुधारणांच्या यादीत टाकू आपण. प्रत्येक मशीनला लाइट. वा!"

महिन्याभरात सगळ्या मशीनखाली छोटे पांढरे लाइट लागले. सुधारणा सुचवणाऱ्यांचा फोटो बोर्डावर लावायची कंपनीत पद्धत होती. त्यासाठी प्राजक्ताला मशीनपाशी उभं केलं, हातात प्रमाणपत्र दिलं. तनुजा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने दोनदा मोबाइल खाली घेतला, त्याचं समाधान होईना.

"हस की जरा," शेखर सर म्हणाले.

ती हसली.